जुन्या धाटणीची पण परवडणारी इलेक्ट्रिक गिटार: गोव्याच्या हवेत कोणती घ्यावी?

साखळीचा_सूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गिटारवर इथे आधी धागे होऊन गेलेत, पण ते सगळे अकूस्टिकवरचे. म्हणून नवा काढतोय.

राहतो साखळीला, नोकरी वेर्ण्याला. अकूस्टिक बऱ्यापैकी वाजवतो, म्हणजे चवथीला आरत्या आटोपल्यावर पोरं जमतात तेव्हा कुणी "पुरे रे आता" म्हणत नाही इतपत. आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. टोकदार शिंगांची, काळी-लाल, लढाईवर निघाल्यासारखी दिसणारी गिटार मला नको. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत दिसते तशी हवी. पिवळसर लाकूड, काळी प्लेट, दोन बटणं, विषय संपला.

बजेट ३० हजार, अ‍ॅम्प धरून. मडगावात एका दुकानात तीन प्रकार दाखवले. एक टेलिकास्टरच्या घाटाची, एक लेस पॉलच्या घाटाची आणि एक जॅझमास्टरसारखी तिरकी. तिघींची किंमत जवळपास सारखी. मी विचारलं, यांत फरक काय? तर विक्रेता म्हणतो, "तिन्ही व्हिंटेजच, रंग आवडेल ती घ्या." रंग मला तिघींचा आवडला, आता बोला.

आणखी दोन गोष्टी. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. वायरिंगही आजोबांच्या काळातलंच आहे. या दोन्हीचा गिटारशी काही संबंध येतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बारदेशी

चौथा प्रकार सुचवतो: पैसे बँकेत टाका आणि शेजाऱ्याला झोपू द्या. 😀

असो, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या भाच्यालाही हेच हवंय.

रेडिओकाका

बाळा, विक्रेत्याला गिऱ्हाईक लवकर उरकायचं होतं. तिन्ही जुन्या घाटाच्या हे खरं, पण जुन्या काळातही या तिघींची कुळं वेगळी होती आणि स्वस्त नक्कल घेताना नेमकं तेच बघायचं असतं.

टेलिकास्टर काढली लिओ फेंडरने. हा माणूस कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने वाद्य कसं घडवावं हा विचारच केला नाही, दुरुस्त करायला सोपं काय पडेल हा केला. फळीतून कापलेली सपाट बॉडी, वर नक्षी नाही, गोलाई नाही. नेक, म्हणजे गिटारची मान, चिकटवलेली नाही, मागून चार स्क्रू. नेक वाकली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. सगळ्या वायरी एका पट्टीखाली. ती पट्टी उचलली की पॉट (व्हॉल्यूम-टोनची बटणं), स्विच, कपॅसिटर समोर. मी आयुष्यभर रेडिओ आणि अ‍ॅम्प उघडत आलो, पहिल्यांदा ही गिटार उघडली तेव्हा म्हटलं, हे आपल्याच बिरादरीतल्या माणसाचं काम. १९५० साली ती ब्रॉडकास्टर नावाने आली. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम बाजारात होते, म्हणून नाव बदलावं लागलं आणि १९५१ पासून टेलिकास्टर.

लेस पॉल १९५२ ची, गिब्सनची. तिचं सगळं उलट. महोगनीच्या बॉडीवर मेपलची कमानदार कोरलेली वरची बाजू, सांध्यात बसवून सरसाने चिकटवलेली नेक, मागे कललेलं डोकं. ही कारागिराची वस्तू, वेळ खाणारी. आता तूच विचार कर, पंधरा-वीस हजारांत कारखाना यातलं काय देणार? बहुतेक वेळा नेक स्क्रूने लावतात, वरची बाजू सपाट ठेवतात किंवा नुसती दिसण्यापुरती फुगवतात. म्हणजे जिच्यासाठी लेस पॉल महाग, तेच वगळलं जातं आणि उरतो तो आकार. टेलीत, म्हणजे टेलिकास्टरमध्ये, वगळण्यासारखं काही नव्हतंच. ती जन्मतःच कमी खर्चात करायची म्हणून आखलेली आहे. त्यामुळे स्वस्त टेली आणि महाग टेली यांच्यातलं अंतर हे स्वस्त आणि महाग लेस पॉलमधल्या अंतरापेक्षा बहुधा कमी असतं.

गिब्सनचा आवाजच हवा असेल तर लेस पॉल ज्युनिअरच्या घाटाची शोध. १९५४ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढली. सपाट फळी, एकच पी-९० जातीचा पिकअप (तारेचं कंपन उचलणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन. तेव्हा शंभर डॉलरच्या आत मिळायची. तीही जन्मतः गरीब, म्हणून तिचीही नक्कल चांगली जमते.

तर्कट

काकांबद्दल आदर राखून, हा सगळा व्हिंटेजचा उदोउदो मला पटत नाही.

१९५० च्या दशकात सगळ्याच गिटारी चांगल्या बनत होत्या का? नाही. वाईट होत्या त्या मोडीत गेल्या, चांगल्या होत्या त्या लोकांनी जपल्या. आज आपण फक्त जपलेल्या बघतो आणि म्हणतो, वा, जुनं ते सोनं. आज मशीनवर कापलेली स्वस्त बॉडी तेव्हाच्या हाताने कापलेल्या बॉडीपेक्षा अचूक असते.

दुसरं, धागाकर्त्याची ही पहिली आणि बहुधा काही वर्षं तरी एकमेव इलेक्ट्रिक. मग एकाच पद्धतीचा आवाज देणारी कशाला? यामाहाची पॅसिफिका बघा. ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे. सगळं वाजतं. दिसायला साधी आहे, पण वाजवताना आपल्याला गिटार दिसतच नाही, समोरच्याला दिसते.

फोंड्याची_सई

तर्कट, समोरच्याला दिसते हे खरं, पण भिंतीवर टांगलेली असते तेव्हा आपल्यालाच दिसते. जी बघून उचलावीशी वाटते ती रोज वाजते. हे कारण मी कमी धरत नाही.

पॅसिफिका चांगलीच आहे, माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलींकडे तीच आहे. पण धागाकर्त्याने मागितलंय ते वेगळं, आपण उगाच त्यांना मारुती दाखवतोय. 🙂

मी काकांच्या बाजूने, पण कारण माझं वेगळं: हात. लेस पॉल घाटाच्या गिटारी बहुधा जड असतात. तासभर उभं राहून वाजवलं की खांदा बोलतो. आणि त्या कललेल्या डोक्याची नेक पडली तर नटच्या (डोक्यापाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे मोडते. तिथे ट्रस रॉडसाठी (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्यासाठी) लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे जागा नाजूक. टेली पडली तर बहुतेकदा जमिनीची फरशी बघावी लागते.

तिरकीबद्दल: जॅझमास्टर १९५८ ची. नावाप्रमाणे जॅझवाल्यांसाठी काढली, त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सर्फ संगीतवाल्यांनी उचलली. पुढे वापरलेल्या जॅझमास्टर कवडीमोलाने विकल्या जायला लागल्या, तेव्हा पैसे नसलेल्या पंक आणि इंडी बँडवाल्या पोरांनी घेतल्या आणि मग परत फॅशन आली. मला मनापासून आवडते. पण तिचा ब्रिज आणि ट्रेमोलो (सगळ्या तारा एकदम सैल-ताठ करणारी दांडी) हे प्रकरण नाजूक आहे, तारा जाड घाला, कोन नीट बसवा, नाहीतर तार खाचेतून उडी मारते. पहिल्या गिटारला हा ताप नको.

साखळीचा_सूर

काका, सईताई, धन्यवाद. डोक्यात उजेड पडायला लागलाय.

म्हणजे टेली. पण टेलीतही एकाच कंपनीच्या तीन-तीन पायऱ्या दिसतात. स्क्वायरच्याच बघितल्या तर सॉनिक, अफिनिटी, क्लासिक व्हाइब. नेमका कशाचा पैसा वाढतो?

रेडिओकाका

स्क्वायर ही मूळ मिशिगनमधली तारा बनवणारी कंपनी. फेंडरने १९६५ साली विकत घेतली आणि १९८२ पासून त्या नावाने जपानमध्ये गिटारी करायला घेतल्या. त्या पहिल्या जपानी गिटारी इतक्या चोख निघाल्या की आज लोक त्याच जुन्या म्हणून शोधतात.

तू म्हणतोस त्या पायऱ्यांत सॉनिक सगळ्यात खालची, मग अफिनिटी, मग क्लासिक व्हाइब. खालच्या दोन पायऱ्यांना बहुधा सिरॅमिक लोहचुंबकाचे पिकअप असतात, क्लासिक व्हाइबला अल्निकोचे (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या लोहचुंबकाचे). सिरॅमिक वाईट नाही, आवाज जरा धारदार आणि कडक. जुन्या तबकडीवरचा गोडवा हवा असेल तर अल्निको. क्लासिक व्हाइबला जुना तीन खुंट्यांचा ब्रिजही असतो (हे खुंटे म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे, सुरात लावायच्या खुंट्या नव्हेत) आणि पन्नासच्या दशकाच्या मॉडेलची बॉडी पाइनची. पाइन म्हणजे स्वस्तातलं लाकूड म्हणून नाक मुरडू नको, फेंडरने सुरुवातीचे नमुने पाइनचेच केले होते.

तुझ्या बजेटात नवी क्लासिक व्हाइब बसणार नाही. वापरलेली मिळाली तर सोडू नको. नाहीतर अफिनिटी किंवा आपल्याकडच्या दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडची टेली घाटाची घे आणि उरलेल्या पैशांत सेटअप, म्हणजे नेकचा वाक आणि तारांची उंची नीट लावून घे. पन्नास हजारांची सेटअप न केलेली गिटार वीस हजारांच्या नीट लावलेल्या गिटारीपुढे हरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रानवाटा

सत्तरीतून. गिटार येत नाही, पण लाकडाचा धंदा आहे, म्हणून लाकडापुरतं लिहितो.

फिंगरबोर्डाच्या, म्हणजे नेकवर बोटं दाबतो त्या पट्टीच्या, लाकडाचं नाव "इंडियन लॉरेल" असं लिहिलेलं दिसेल. ते कुठलं विलायती लाकूड नाही, ते आपलं ऐन. सह्याद्रीत चढलात की मगरीच्या पाठीसारखी खडबडीत साल असलेली झाडं दिसतात, ती हीच. आधी या जागी सर्रास शिसव असायचं. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींवर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली निर्बंध आले, प्रत्येक खेपेला कागदपत्रं लागायला लागली, तेव्हा स्वस्त गिटारी करणारे ऐनाकडे आणि इतर लाकडांकडे वळले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कारखान्यांची घडी बसली होती.

ऐन कठीण आणि टिकाऊ. आमच्याकडे घराच्या तुळयांना वापरतात. पण स्वस्त गिटारीवर ते कोरडं ठाक असतं, रंग फिका दिसतो. वर्षातून एक-दोनदा फिंगरबोर्डाचं म्हणून जे मिनरल तेल मिळतं त्याचा हात फिरवा. खोबरेल अजिबात लावू नका! गोव्यात पहिला हात खोबरेलाकडेच जातो. ते खवट होतं, चिकट होतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

मेपलचा फिंगरबोर्ड असेल तर त्यावर वार्निश असतं, तेल लावायचंच नाही. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा. तुमच्या चपलांना बुरशी येते म्हणालात, तर मी मेपल सुचवेन. वरून बंद असल्यामुळे घाम आणि दमट हवा सहज आत शिरत नाही.

तर्कट

रानवाटा, माहितीपूर्ण. पण लाकडाचा आवाजाशी संबंध आहे का? इलेक्ट्रिकमध्ये पिकअप फक्त तारेचं कंपन उचलतो.

रानवाटा

आवाजावर माझं काही म्हणणं नाही. मी वाकण्याबद्दल बोलतोय.

फोंड्याची_सई

लाकूड आणि आवाज हा वाद इथे सुरू करू नका प्लीज, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि हाती काही लागणार नाही.

पावसाळ्याबद्दल अनुभवाचं लिहिते. आमचं घर कुळागरात आहे, म्हणजे साखळीपेक्षाही ओल जास्त.

चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगायची नाही. ती भिंत ऑगस्टपर्यंत पाणी पीत असते. आतल्या भिंतीवर चालेल. गिटार ठेवायची केस (खोकं) महिनाभर बंद ठेवली तर तीही बुरशी धरते, विशेषतः आतून मखमल असलेली. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, त्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरायच्या. आमच्या घरी पेटीच्या (हार्मोनियमच्या) कपाटात आजोबा लहानसा बल्ब लावून ठेवायचे, त्यातच आता गिटारही असते.

तारांना गंज हा खरा शत्रू. साध्या निकेलच्या तारा जुलैत बघता बघता काळ्या पडतात. लेप दिलेल्या तारा महाग असतात पण इथे त्यांचा हिशोब बसतो. वाजवून झाल्यावर तारेच्या खालूनसुद्धा फडकं फिरवायचं, वरून पुसून खालचा घाम राहतो.

नेक ऋतूप्रमाणे थोडी हलतेच. घाबरून ट्रस रॉड पिळत बसू नका. आणि गंमत म्हणजे खरा त्रास कोरड्या हवेत होतो. इथली गिटार एप्रिलात पुण्याला नेली की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाजूने बोटांना टोचतात.

बारदेशी

सईताई, दुकानात गेल्यावर नेमकं बघायचं काय? भाच्याला घेऊन जायचंय. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही.

फोंड्याची_सई

न वाजवताही बरंच कळतं. सांगते.

गिटार डोळ्यासमोर धरा, बॉडीकडून डोक्याकडे बघत, जसं सुतार फळी बघतो. नेक एका बाजूला पिळलेली दिसली तर तिथेच परत द्या. थोडी पुढे वाकलेली असेल तर ते ट्रस रॉडने सुटतं, पीळ सुटत नाही.

मग सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. आता मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. फेंडर घाटाच्या आजच्या नेकवर ती साधारण ०.२५ मिलिमीटर असावी. भाचा बाइकवाला असेल तर गॅरेजमधलं टॅपेट लावायचं फिलर गेज मागून आणा, त्यात ०.२५ चं पान असतं. ते फटीत जेमतेम सरकलं पाहिजे. फटच नाही, तार फ्रेटला टेकतेय, तर वाजवताना चर्र करणार. फट खूप मोठी, तर बोटं दुखणार.

त्यानंतर सतराव्या फ्रेटपाशी न दाबता तारेची उंची: १.६ मिलिमीटरच्या आसपास. दुकानात बहुतेक गिटारी याहून उंच लावलेल्या असतात. ती उंची ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूने कमी होते, म्हणून त्यावरून गिटार नाकारू नका.

नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. टोचतंय? दुसरी मागा. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत याबाबत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून स्वस्त गिटार शक्यतो ऑनलाइन मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

साखळीचा_सूर

हे प्रिंट काढून खिशात ठेवण्यासारखं आहे. दंडवत!

आता माझा राहिलेला प्रश्न. मित्राची टेली घरी आणून वाजवून बघितली. अ‍ॅम्पमधून सतत घूंऽऽ असा आवाज. त्याच्या घरी पणजीला फ्लॅटमध्ये इतका येत नाही. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की परत. गिटार बिघडलीय की माझं घर?

रेडिओकाका

गिटार ठीक आहे. हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे ब्रिजची अर्थची वायर जागेवर आहे. हात लावल्यावर वाढला असता तर ती सुटली म्हणायचं.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. ती गिटारची तार ओळखते तशीच घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा जुना रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सगळं तिला ऐकू येतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने यावर उपाय म्हणून दोन कॉइल उलट-सुलट जोडल्या. गुणगुण एकमेकांत मरते, तारेचा आवाज बेरजेत येतो. तोच हंबकर, १९५७ पासून त्यांच्या गिटारींत बसायला लागला. जुन्या घाटाची टेली घेतलीस तर थोडी गुणगुण पदरात घ्यावी लागेल. अ‍ॅम्पपासून दोन हात लांब उभा राहा आणि हळूहळू स्वतःभोवती फिर, एका दिशेला ती जवळजवळ बंद होते. मधल्या स्विचवर, दोन्ही पिकअप चालू असताना, कित्येक नव्या टेलींत ती आपोआप मरते.

पण तू आजोबांच्या वेळचं वायरिंग म्हणालास, ते मला जास्त खटकतंय. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते, किंवा असते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात आणि अ‍ॅम्पची बॉडी त्या तिसऱ्या पिनेला. अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर तो करंट जायची वाट म्हणजे तू. त्यात समोर माइक असेल, तो दुसऱ्या बोर्डवरून चालत असेल, तर ओठाला झटका बसतो. चवथीच्या मांडवात जनरेटरवर वाजवताना आमच्या बँडमधल्या गायकाला असा बसला होता, माइक हातातून उडाला. नशीब म्हणून तेवढ्यावर निभावलं.

गिटार नंतर घे, आधी चांगला वायरमन बोलाव. अर्थिंग तपासून घे, खड्ड्यात मीठ-कोळसा नवा घालायचा असेल तर घाल, आणि मेन बोर्डवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घे. ३० मिलिअँपिअरचा. आणि वाजवताना गिटारचा अ‍ॅम्प आणि माइकचा अ‍ॅम्प एकाच बोर्डवरून लाव.

तर्कट

काकांच्या या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. +१०००. आणि काही महाभाग गुणगुण कमी व्हावी म्हणून अ‍ॅम्पची तिसरी पिन तोडतात, तसलं काही करू नये.

बाकी, बघा, हंबकरवाली घेतली असती तर... (पळतो)

मुंबैकर_मावळा

अवांतर: काका, गोव्यात तुमच्या तरुणपणी इलेक्ट्रिक गिटारी यायच्या कुठून? तेव्हा आयातीचे नियम कडक होते ना?

रेडिओकाका

बोटीवरून! बोटीवर नोकरीला असलेल्या तार्वट्यांकडून. कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा सुट्टीवर यायचा तो गिटार घेऊन यायचा. परत बोटीवर जाताना पैशांची नड असेल तर विकून जायचा. नाहीतर मग कलकत्त्याची गिव्हसन. आमच्या एका मित्राने तर ओळखीच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची बॉडी करून घेतली होती, पिकअप तेवढा बोटीवरचा. वाजायची! सुरात राहायची नाही, पण वाजायची.

गोंयकारांना वाद्य नवं नव्हतं. चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच स्वरलिपी शिकायची, तीच पुढे मुंबईला जाऊन हॉटेलांच्या आणि फिल्मच्या वाद्यवृंदांत बसली. गिटारीत आमान्सियु द'सिल्वा बघा, मूळ गोंयकार, मुंबईत वाढला, लंडनला जाऊन जॅझमध्ये नाव काढलं, १९६९ साली स्वतःची तबकडी आली. आमच्यासारखे मात्र लग्नात आणि तियात्रात ऱ्हिदम वाजवत राहिले. तक्रार नाही.

बारदेशी

काका, यावर वेगळा धागा काढाच. इथे नको, नाहीतर भाच्याची गिटार राहून जाईल.

साखळीचा_सूर

अपडेट.

म्हापशाच्या एका मुलाकडे वापरलेली क्लासिक व्हाइब मिळाली, पन्नासच्या दशकाच्या घाटाची, लोण्यासारखी पिवळी, काळी प्लेट. तो शिकायला बाहेर चाललाय. बजेटचा बहुतेक हिस्सा तिनेच खाल्ला, त्यामुळे अ‍ॅम्प लहानसा, दहा वॉटचा घेतला. सईताईंचं सगळं करून बघितलं. फिलर गेज बघून तो मुलगा म्हणाला, "दादा, गिटार बघताय की स्कूटर?" नेक सरळ, कडा गुळगुळीत. मागे पॉलिशला एक टवका उडालाय, त्याचे पैसे कमी करून घेतले.

एक अडचण. ट्यूनरवर सहाही मोकळ्या तारा बरोबर लावतो. पण बाराव्या फ्रेटवर वाजवलं की तिसरी तार थोडी चढी आणि चौथी बरोबर. चौथी-तिसरीचा खुंटा एकच आहे. तो मागे सरकवला की तिसरी जमते आणि चौथी उतरते. हे कसं सोडवायचं?

फोंड्याची_सई

अभिनंदन! म्हापशाच्या मुलाला माझ्याकडूनही धन्यवाद सांगा, अशी सांभाळलेली गिटार कमी मिळते.

हा जुन्या ब्रिजचा स्वभावच आहे. सहा तारांना तीन खुंटे, म्हणजे प्रत्येक खुंट्यावर दोन तारा, दोघींची लांबी स्वतंत्र बदलता येत नाही. पन्नासच्या दशकात तिसरी तार जाड, गुंडाळलेली असायची, तेव्हा हे कमी जाणवायचं. आता ती साधी, न गुंडाळलेली असते, म्हणून जाणवतं. तुम्हाला ऐकू आलं म्हणजे कान चांगला आहे.

तडजोड करून दोघींच्या मधोमध ठेवा. मी तिसरी तार अगदी किंचित चढी राहू देते, कारण कॉर्डमध्ये ते खपून जातं. ते नको असेल तर तिरके किंवा खाच असलेले खुंटे मिळतात, ज्यांत दोन तारांच्या टेकण्याच्या जागा मागे-पुढे असतात. ते मागवा, बसवायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. आणि बारावा फ्रेट दाबताना जोर लावू नका. अकूस्टिकवरून आलेल्या हाताला दाबायची सवय असते आणि तेवढ्यानेही तार चढते.

साखळीचा_सूर

हो! हलकं दाबलं तर निम्मा फरक तिथेच गेला. खुंटे मागवतो. देव बरें करूं, ताई.

रेडिओकाका

छान झालं. तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) आहेत? नऊच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच) असतील तर दहाच्या घाल, त्या बोटाच्या दाबाला कमी चळतात. तारा बदलल्यावर नेकची फट परत बघ आणि ट्रस रॉड लागलाच तर पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नको, एक रात्र जाऊ दे मग परत बघ.

आणि वायरमन येऊन गेला का, ते लिहिलं नाहीस.

साखळीचा_सूर

रविवारी येणार म्हणालाय.

रेडिओकाका

कुठल्या रविवारी ते विचारून घे. तोवर अ‍ॅम्प लावू नको, तशीच वाजव.